लाइन म्हणजे मुळात जवसाचा दोरा

ठाणे स्टेशनच्या पुलावर पाच मिनिटं उभं राहून 'लाइन' हा शब्द किती वेळा कानावर पडतो ते मोजावं. ट्रान्स हार्बर लाइनची गाडी दहा नंबरला लागते. स्लो लाइनचा खोळंबा आहे, फास्टने जा. तिकिटाला मोठी लाइन आहे. घरून फोन येतो की लाइन गेलीय, आल्यावर लिफ्टची वाट बघू नको. खाली रिक्षाच्या रांगेत कुणी मध्येच घुसतो आणि मागून आवाज येतो, "ओ दादा, लायनीत या."

एवढे अर्थ अंगावर घेऊन फिरणारा हा शब्द आता परका वाटत नाही. पण त्याचा सगळ्यात जुना अर्थ यांतला एकही नाही. तो पाहायचा तर घोडबंदर रोडला किंवा उलव्याला चालू बांधकामावर जावं लागेल. तिथे गवंड्याच्या पिशवीत थापी आणि ओळंब्याशेजारी एक गुंडाळी असते, तिला लाइनदोरी म्हणतात. ती गुंडाळी म्हणजेच मूळची लाइन.

लॅटिनमध्ये जवसाच्या झाडाला आणि त्याच्या धाग्याला 'लीनुम' म्हणत. त्यावरून 'लीनेआ' म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. हा शब्द इंग्रजीत दोन वाटांनी आला. पहिली वाट फार जुनी. लॅटिनमधला शब्द जर्मानिक भाषांनी उचलला आणि जुन्या इंग्रजीत तो 'दोर' आणि 'ओळ' अशा अर्थांनी नांदू लागला. दुसरी वाट फ्रेंचची. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन लोकांचं राज्य आलं आणि फ्रेंच 'लिन्य' इंग्रजीत मिसळला. त्याच्या पोटात रेघ, वंशावळ, कवितेची ओळ असे अर्थ होते. दोन्ही शब्द एकाच आईचे, त्यामुळे पुढे ते इतके एकजीव झाले की कोणता अर्थ कुठल्या वाटेने आला हे दर वेळी वेगळं काढता येत नाही.

जवस आपल्याला माहीत आहे ते चटणीचं. विदर्भात रब्बीला घेतात, निळी फुलं येतात, तेल काढतात. कुणी जवस म्हणतं, कुणी अळशी. शास्त्रीय नाव लिनम युसिटाटिसिमम, म्हणजे 'अतिशय उपयोगी जवस'. पण तेलाचं जवस बुटकं आणि फांद्या फुटलेलं असतं. धाग्याचं जवस मुद्दाम दाट पेरतात, म्हणजे ते फांद्या न फोडता मीटरभर सरळ वर जातं. ते कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण धागा खोडाच्या सालीत वरपासून खालपर्यंत असतो आणि कापलं की तेवढी लांबी वाया जाते. मग बोंडं ओरबाडून काढायची आणि खोडं कुजवायची. दवावर पसरून ठेवली तर काही आठवडे लागतात, पाण्यात बुडवली तर एक-दोन आठवड्यांत काम होतं. सगळी कसोटी इथेच आहे. कमी कुजलं तर लाकडी भाग धाग्याला चिकटून राहतो, जास्त कुजलं तर धागाच तुटतो. आपल्याकडे अंबाडीचा वाख, म्हणजे दोरखंडाचा धागा, याच रीतीने काढतात, म्हणून ज्यांनी अंबाडी कुजवताना पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको.

कुजलेली खोडं वाळवून ठेचतात, भुसा झटकतात आणि उरलेला वाख लोखंडी दातांच्या फणीतून ओढतात. लांब, एकसारखे धागे हातात राहतात, आखूड आणि गुंतलेले फणीत अडकतात. जवसाच्या धंद्यात या लांब धाग्यांना आजही इंग्रजीत 'लाइन' म्हणतात आणि आखूड गुंत्याला 'टो'. म्हणजे शब्द पार रेल्वे आणि इंटरनेटपर्यंत गेला, तरी जिथून निघाला त्या फणीजवळ त्याचं जुनं घर शाबूत आहे.

याच 'लीनुम'ची बाकीची पिलावळ घरात सापडते. लिनन तर उघडच आहे. कोटाच्या आतल्या अस्तराला 'लायनिंग' म्हणतात, कारण जाड कपड्याला आतून जवसाचं मऊ कापड लावत. 'लिन्सीड' म्हणजे जवसाचं बी. 'लिनोलियम' हे नाव लीनुम आणि तेलासाठीचा लॅटिन शब्द 'ओलेउम' जोडून फ्रेडरिक वॉल्टन याने आपल्या जमिनीच्या आच्छादनाला दिलं, कारण त्यात जवसाचं तेल असतं. हेच तेल सुतार दाराला आणि क्रिकेट खेळणारे बॅटला चोळतात. इथे एक धोक्याची गोष्ट सांगायलाच हवी. या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्यात टाकू नका. तेल हवेतला प्राणवायू घेत वाळतं, त्यात उष्णता तयार होते, आणि बोळ्यातून ती बाहेर पडली नाही तर चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंधी उलगडून उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता खरा प्रश्न. दोरीचा अर्थ 'सरळ रेघ' कसा झाला? दोरी तर कशीही पडते.

उत्तर ताणात आहे. दोन खुंट्यांमध्ये ताणलेली दोरी ही माणसाला मिळालेली पहिली सरळ रेघ. जवसाचा धागा त्यासाठी फार चांगला, कारण तो ताणला तरी फारसा लांबत नाही. तुटेपर्यंत त्याची लांबी जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास वाढते, कापसाची त्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय भिजला की तो कमजोर होत नाही, उलट मजबूत होतो. मोजायची आणि आखायची दोरी अशीच हवी.

आज लाइनदोरी नायलॉनची असते, कुजत नाही आणि स्वस्त पडते. पण ती लांबते आणि झोळ खाते. झोळाचा हिशोब सोपा आहे: दोरीचं दर मीटर वजन गुणिले अंतराचा वर्ग, भागिले ताणाची आठपट. मीटरला १ ग्रॅम भरणारी दोरी १० मीटरवर २ किलोच्या ताणाने बांधली तर मध्यभागी सुमारे ६ मिलिमीटर खाली येते. अंतर निम्मं, म्हणजे ५ मीटर केलं, तर झोळ पावपट, दीड मिलिमीटर. म्हणून लांब भिंतीला मध्ये एक वीट पातळीत बसवून दोरीला टेकू देतात. टेकू न देता थर लावला की भिंत मध्ये बसल्यासारखी दिसते आणि गवंडी विटांना दोष देतो.

दुसरी चूक दोरीला वीट टेकवण्याची. आधी दोन्ही कोपऱ्यांत तीन-चार थर चढवून घ्यायचे, दोरी नव्या थराच्या वरच्या कडेशी बांधायची, आणि वीट दोरीपासून एक-दोन मिलिमीटर आतच ठेवायची. एक वीट दोरीला लागली की ती दोरीला बाहेर ढकलते, पुढची वीट त्या ढकललेल्या दोरीकडे बघून बसते, आणि थर संपेपर्यंत भिंतीला पोट येतं. मग ते पोट प्लास्टरने झाकतात आणि सिमेंटचं बिल वाढतं.

बांधकामाच्या सुरुवातीला चुन्याने जमिनीवर खोल्या आखतात त्याला आपल्याकडे 'लाइन आउट देणे' म्हणतात. काटकोन काढायला तीन, चार, पाच फुटांचा त्रिकोण धरतात. रीत बरोबर आहे, पण एवढा लहान त्रिकोण घेऊ नये. पाच फुटांच्या बाजूत ५ मिलिमीटरची चूक झाली तर तीस फूट लांब भिंतीच्या टोकाला ती सुमारे ६ सेंटिमीटर होते. तोच त्रिकोण नऊ, बारा, पंधरा फुटांचा घेतला तर तेवढ्याच चुकीने टोकाला फक्त २ सेंटिमीटरचा फरक पडतो. शेवटी दोन्ही कर्ण मोजून सारखे आले का ते बघायचंच.

हा दोरीचा काटकोन आपल्याकडे फार जुना आहे. यज्ञवेदी आखण्याचे नियम ज्या ग्रंथांत आहेत त्यांना शुल्बसूत्रं म्हणतात. शुल्ब म्हणजे दोरी, सूत्र म्हणजे दोरा. बौधायन कर्णाचा नियम सांगतो तेव्हा कर्णाला तो 'रज्जु'च म्हणतो, म्हणजे पुन्हा दोरी. भूमितीतली रेघ आधी हातातली दोरी होती हे तिथे शब्दाशब्दांत दिसतं.

आणि दोरीची रेघ होण्याचा नेमका क्षण सुतारकामात डोळ्यांनी पाहता येतो. गेरूच्या पाण्यात बुडवलेला दोरा फळीच्या दोन टोकांना घट्ट धरायचा, मध्ये चिमटीत उचलायचा आणि सोडायचा. फट् आवाज होतो आणि फळीवर लाल रेघ उमटते. दोरा बाजूला केला तरी रेघ राहते. इंग्रजीतही हेच घडलं: दोऱ्याचं नाव त्याच्या खुणेला मिळालं आणि मग दोरा नसलेल्या रेघेलाही. एक काळजी घ्यायची: दोरा फळीला काटकोनात सरळ वर उचलायचा. तिरका उचलला तर रेघ किंचित वाकडी उमटते आणि करवत तशीच जाते.

सुतार हा शब्दसुद्धा 'सूत्रधार'वरून आला आहे, ज्याच्या हाती सूत्र आहे तो. म्हणूनच आपण एखादा 'सुतासारखा सरळ' झाला म्हणतो. दोन भाषा, दोन धागे, पण सरळपणा दोघींनीही धाग्यावरूनच शिकला. पुढेही दोघी एकाच अंगाने चालल्या आहेत. दोघांचं 'सूत जुळतं' ही जुनी मराठी, आणि कॉलेजच्या कट्ट्यावर तिने त्याला 'लाइन दिली' ही नवी.

यातली मला सगळ्यात आवडणारी जोडी मापांची आहे. बारीक माप सांगायला मराठीत 'सूत' वापरतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. सळईच्या दुकानात ३ सूत मागितलं की १० मिलिमीटरची सळई मिळते, ४ सूत म्हणजे १२ची, ५ सूत म्हणजे १६ची. हे ढोबळ नातं आहे. ४ सूत खरं तर १२.७ मिलिमीटर भरतं, म्हणून ड्रॉइंगमध्ये मिलिमीटर लिहिले असतील तर मिलिमीटरच सांगावेत. इंग्रजीतही 'लाइन' नावाचं माप होतं, इंचाचा बारावा भाग, जवळजवळ २.१ मिलिमीटर. फ्रेंच लाइन २.२५६ मिलिमीटरची, आणि घड्याळाच्या आतल्या यंत्राचा व्यास आजही तिच्यात सांगतात. बटणांची लाइन याहून वेगळी, इंचाचा चाळिसावा भाग. जांभळी नाक्याला शर्टाची बटणं घ्यायला गेलात आणि पाकिटावर १८ एल दिसलं, तर तो एल म्हणजे लाइन. १८ भागिले ४० इंच, म्हणजे ११.४ मिलिमीटर. काज त्याहून २-३ मिलिमीटर मोठं ठेवावं लागतं, बटण जाड असेल तर आणखी थोडं. धाग्याने धाग्याच्या जाडीचं माप दिलं, इकडेही आणि तिकडेही, कुणी कुणाची नक्कल न करता.

रांगेचा अर्थ समजायला सोपा आहे. दोरीवर ओवल्यासारखी एकामागे एक उभी असलेली माणसं, घरं, झाडं. लष्करात घोडे बांधायला लांब दोर ताणत, त्या जागेला घोड्यांच्या 'लाइन्स' म्हणत. छावणीत शिपायांच्या घरांच्या रांगांनाही तेच नाव पडलं. पोलीस लाइन आणि नागपूरचं सिव्हिल लाइन्स ही नावं त्याच इंग्रजी अमदानीतली. मराठीत याला 'आळी' होतीच. ठाण्याची खारकर आळी म्हणजे तेच, घरांची ओळ. आणि ओळ हा शब्द संस्कृत 'आवलि'वरून, जी दीपावलीतही आहे. मराठीने ही कामं वाटून दिली आहेत. ओरखडून काढली ती रेघ किंवा रेषा, कारण 'रेखा'च्या मुळाशी ओरखडणं आहे. एकापुढे एक मांडली ती ओळ, माणसं उभी राहिली ती रांग, ताणली ती दोरी, वीज वाहते ती तार. इंग्रजी लाइन या सगळ्यांचं काम एकटीने करते, आणि म्हणूनच भाषांतर करणाऱ्याने 'लाइन' दिसली की 'रेषा' लिहून मोकळं होऊ नये. खाडीकाठी घर घेताना हा फरक पैशांचा होतो. किनारा नियमनातली 'हाय टाइड लाइन' म्हणजे भरतीरेषा. जमिनीवर ती कुणी आखून ठेवलेली नसते, अधिकृत नकाशावर असते. प्लॉट तिच्या कोणत्या बाजूला आणि किती अंतरावर आहे ते नकाशावरच बघायचं, एजंटच्या बोटाकडे बघून नाही.

रेल्वेची लाइन ठाण्याला सगळ्यांत जवळची. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन गाडी ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला आली. आज इथून किती लाइनी फुटतात ते मोजायला बोटं कमी पडतात. वाशीकडे जाणारी ट्रान्स हार्बर २००४ची, दिव्याकडची पाचवी-सहावी २०२२ची. उद्घोषणेत 'मार्ग' असतो, प्रवाशांच्या तोंडी लाइन. 'लाइन क्लिअर' हीसुद्धा रेल्वेचीच परिभाषा आहे. पुढच्या स्टेशनमास्तरने आपल्यापर्यंतचा टप्पा मोकळा असल्याची ग्वाही दिल्याशिवाय मागचा स्टेशनमास्तर गाडी सोडत नाही, त्या ग्वाहीचं हे नाव. वडिलांनी सहलीला हो म्हटल्यावर मुलं 'लाइन क्लिअर' म्हणतात ते इथूनच.

रुळांची वळणं तपासण्याची जुनी आणि अजून चालू असलेली रीत पुन्हा दोरीचीच आहे. बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला दर १० मीटरवर खुणा करतात. २० मीटरची दोरी एक खूण सोडून दोन टोकांना घट्ट धरतात आणि मधल्या खुणेपाशी दोरी व रूळ यांतलं अंतर पट्टीने मोजतात. ५०,०००ला वळणाच्या त्रिज्येने भागलं, त्रिज्या मीटरमध्ये घेतली, की हे अंतर किती मिलिमीटर यायला हवं ते मिळतं. ५०० मीटर त्रिज्येला १००, १,००० मीटरला ५०. मग दोरी एक खूण पुढे सरकवायची. आकडे ५०, ५१, ४९ असे आले तर वळण चांगलं. ५०, ६२, ४१ असे आले तर त्या जागी डबा हिसका देतो आणि दारातला माणूस दांडा घट्ट धरतो. वारा असला तर हे मोजमाप फसतं, दोरी मध्ये फुगते. ओळंब्यालाही वाऱ्याचा तोच त्रास, पण त्याला उपाय आहे: खालचं वजन पाण्याच्या बादलीत बुडलेलं ठेवलं की डोलणं लवकर थांबतं. ओळंबा हा शब्द 'अवलंब'वरून, लटकणारा तो. इंग्रजीत तो 'प्लम लाइन', आणि त्यातला 'प्लम' म्हणजे शिसं, लॅटिन 'प्लुम्बुम'. शिशाचे नळ बसवणारा तो प्लंबर.

'डेडलाइन'मध्ये मात्र खरोखरच मरण आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ साली जॉर्जियातल्या अँडरसनविल इथल्या युद्धकैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक हलका लाकडी कठडा होता. तो ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. त्या कठड्याचं नाव 'डेड लाइन'. मजकूर देण्याची शेवटची वेळ हा अर्थ अमेरिकी वृत्तपत्रांत १९२०च्या सुमारास रुळला. आपल्याकडे 'मुदत' हा साधा, कुणाच्या जिवावर न उठणारा शब्द आहे, तोच वापरावा असं मला मनापासून वाटतं.

सुतावरून स्वर्ग मात्र गाठू नये. रस्त्यावरची 'लेन' लाइनची कुणी लागत नाही. लेन हा जुना जर्मानिक शब्द, दोन कुंपणांमधली अरुंद वाट. 'लाइन तोडू नका' असं गाडी चालवणाऱ्याला सांगतात तेव्हा म्हणायचं असतं लेन, पण पांढरे पट्टे दिसतात म्हणून तोंडात लाइन येते. 'लिंक'ही वेगळ्या कुळातला, त्याच्या मुळाशी साखळीची कडी आहे.

मराठीत लाइन स्त्रीलिंगी झाली. रेघ, ओळ, रांग, दोरी, तार या तिच्या जागेवरच्या सगळ्या बाया, त्यांच्यात ती सामावली. अनेकवचन लाइनी. विभक्ती लागली की बोलण्यात लायनीत, लायनीला. लिहिताना ऱ्हस्व 'इ'ची लाइन लिहावी, दीर्घ 'ई'ची लाईन पाट्यांवर भरपूर दिसली तरी. आणि गवंड्याच्या लाइनदोरीत एकच वस्तू दोनदा आली आहे, लाइन म्हणजे दोरी आणि दोरी म्हणजे दोरी, जसं पावरोटीत पोर्तुगीज पाव म्हणजेही रोटी आणि रोटी म्हणजेही रोटी.